स्पर्धेत हरलेले विमान

सरकारला एखादी वस्तू विकत घ्यायची असली म्हणजे ते काय करते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. टेंडरे मागवते. पाकिटे फुटतात, आकडे शेजारी शेजारी मांडले जातात आणि ज्याचा आकडा लहान त्याच्या गळ्यात माळ पडते. खडी, सिमेंट, शाळेतली बाके यांच्या बाबतीत ही रीत ठीक चालते. पण जी वस्तू घ्यायची ती आज अस्तित्वातच नसेल तर? तिचा उपयोग नेमका कसा होणार, हे घेणाऱ्यालाही पुरते उमगलेले नसेल तर? आणि निवड चुकली तर तिची किंमत पैशांत नव्हे, माणसांच्या प्राणांत मोजावी लागणार असेल तर? लष्करी विमानांची खरेदी ही अशा जातीची खरेदी आहे. कारखानदारांच्या स्पर्धेतून उत्तम विमान आपोआप वर येते, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते कितपत खरे, हे पाहण्यासाठी आज तुम्हांला एका स्पर्धेची हकीकत सांगतो. ही स्पर्धा १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन या गावी झाली. तीत एक विमान जिंकले आणि एक हरले. जिंकलेल्या विमानाचे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही. हरलेल्याचे नाव मात्र साऱ्या जगाला ठाऊक आहे.

डेटन हे राइट बंधूंचे गाव. तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करणे बरे. २३ डिसेंबर १९०७ या दिवशी अमेरिकेच्या सैन्याच्या सिग्नल कोअरने उडत्या यंत्रासाठी एक जाहीरनामा काढला. यंत्राने दोन माणसे घेऊन उडावे, ताशी ४० मैलांचा वेग गाठावा, सलग एक तास हवेत राहावे आणि मोडतोड न होता खाली उतरावे, अशा त्याच्या अटी होत्या. तुम्हांला वाटेल, त्या काळी असे यंत्र देणारा राइट बंधूंवाचून दुसरा कोण असणार? पण ४१ टेंडरे आली! त्यांतली तीन पात्र ठरली. राइट बंधूंनी २५,००० डॉलर मागितले होते, हेरिंग नावाच्या गृहस्थांनी २०,००० आणि स्कॉट नावाच्या तिसऱ्याने अवघे १,०००. म्हणजे सर्वांत स्वस्त माल राइट बंधूंच्या मालाच्या पंचविसाव्या हिश्शात मिळत होता. अडचण एवढीच, की तो माल कधी आलाच नाही. हेरिंग यांनी मुदती वाढवून घेतल्या, पण यंत्र काही चाचणीला आणून उभे केले नाही. स्पर्धेत उरले ते राइट बंधूच.

त्यांचाही मार्ग निर्वेध नव्हता. १७ सप्टेंबर १९०८ रोजी व्हर्जिनियातल्या फोर्ट मायर येथे चाचणी चालू असताना ऑरव्हिल राइट यांचे विमान कोसळले. बरोबर बसलेले लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज मरण पावले. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात गेलेला तो पहिला बळी. ऑरव्हिल स्वतः जबर जखमी झाले. सैन्याने काय करावे? स्पर्धक नापास, असा शेरा मारून फाइल बंद करता आली असती. पण सैन्याने मुदत वाढवून दिली. पुढच्या वर्षी, १९०९ च्या जुलैत, ऑरव्हिल नवे यंत्र घेऊन परत आले. वेग भरला ताशी साडेबेचाळीस मैल. ठरल्यापेक्षा जास्त वेगाबद्दल ५,००० डॉलर इनाम धरून सैन्याने ३०,००० डॉलर मोजले आणि विमान घेतले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याशी आपले काम पडणार आहे.

आता पंचवीस वर्षे पुढे येऊ. १९३० च्या सुमारास अमेरिकेतले विमानांचे कारखाने एकमेकांशी हातघाईवर आले होते. सिॲटल शहरात बोइंग कंपनी होती. लाकडाच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या विल्यम बोइंग यांनी ती १९१६ साली काढली होती. बोइंगने १९३१ साली बी-९ नावाचे धातूचे, दोन इंजिनांचे बाँबर विमान बनवले. सैन्य मोठी ऑर्डर देईल अशी आशा होती. पण एवढ्यात ग्लेन मार्टिन यांच्या कारखान्याने त्याहून वेगवान बी-१० पुढे आणले आणि ऑर्डर मार्टिनकडे गेली. बोइंगची सातच विमाने खपली.

उतारूंच्या विमानांतही तीच तऱ्हा झाली. बोइंगचे २४७ नावाचे विमान १९३३ साली सेवेत आले, तेव्हा त्याच्या तोडीचे दुसरे नव्हते. परंतु पहिली साठ विमाने आपल्याच गोटातल्या युनायटेड या विमान कंपनीला द्यायची, असा बोइंगचा बेत. दुसरी एक कंपनी, टी. डब्ल्यू. ए., दाराशी आली तर तिला थांबा म्हणून सांगितले गेले. ती कशाला थांबते? तिने डोनाल्ड डग्लस यांचे दार ठोठावले. डग्लसनी तिच्यासाठी जे विमान काढले, त्यातूनच डी. सी.-२ आणि जगप्रसिद्ध डी. सी.-३ जन्माला आली. बोइंगने गिऱ्हाईक परत पाठवले आणि त्या परत पाठवलेल्या गिऱ्हाइकाने बोइंगचा प्रतिस्पर्धी मोठा केला.

त्यातच १९३४ साल उजाडले. टपाल वाहून नेण्याच्या सरकारी कंत्राटांत लागेबांधे आहेत, अशी ओरड झाली. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ती कंत्राटे रद्द केली. त्याच वर्षी नवा कायदा झाला. विमाने बनवणारा आणि विमाने चालवणारा यांनी एका घरात नांदायचे नाही, असा त्याचा दंडक. बोइंगच्या संयुक्त कुटुंबाची वाटणी झाली. विल्यम बोइंग उद्विग्न झाले, आपले भाग विकून धंद्यातून बाहेर पडले. मागे राहिला तो एक कारखाना, ज्याच्याजवळ हुशार माणसे होती, पण हाताशी पुरेसे काम नव्हते.

अशा वेळी, १९३४ च्या ऑगस्टमध्ये, सैन्याच्या एअर कोअरचे परिपत्रक आले. मार्टिनच्या बी-१० ची जागा घेणारे नवे बाँबर विमान हवे होते. वेग ताशी निदान २०० मैल हवा, २५० झाला तर उत्तम. दहा हजार फुटांवर दहा तास राहता आले पाहिजे. आणि मुख्य अट अशी, की कागदावरचे चित्र चालणार नाही. प्रत्येकाने स्वतःच्या खर्चाने विमान बांधावे आणि एका वर्षाच्या आत राइट फील्डवर उडवून दाखवावे. जो जिंकेल त्याला दोनशेपेक्षाही अधिक विमानांची ऑर्डर मिळण्याचा संभव. जो हरेल त्याची सारी पदरमोड पाण्यात!

परिपत्रकात एक शब्द होता: विमान बहुइंजिनी असावे. आता बहुइंजिनी म्हणजे किती? त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दोन, असेच सगळे धरून चालले होते. मार्टिनने आपले जुनेच विमान सुधारून आणायचे ठरवले. डग्लसने डी. सी.-२ चेच अंग वापरून दोन इंजिनांचे बाँबर करायचे ठरवले. बोइंगचे प्रमुख क्लेअर एग्टव्हेट यांना मात्र त्या शब्दात एक फट दिसली. चार इंजिने बसवली तर चालतील का, अशी त्यांनी सैन्याकडे विचारणा केली आणि चालतील असे उत्तर घेऊन ते सिॲटलला परतले, असे सांगतात. सप्टेंबरअखेर संचालकांनी २,७५,००० डॉलर मंजूर केले. धंदा वाईट चाललेल्या कारखान्याने एकाच पत्त्यावर एवढी रक्कम लावायची, आणि तीही दोन इंजिनांनी भागेल तिथे चार लावून! ती रक्कम पुढे वाढतच गेली.

वर्ष पुरे होण्याच्या आत विमान तयार झाले. कारखान्यातले त्याचे नाव मॉडेल २९९. पंखांचा विस्तार जवळजवळ १०४ फूट, प्रत्येकी ७५० अश्वशक्तीची चार इंजिने, ठिकठिकाणी मशीनगन ठेवायच्या काचेच्या खोपी. सिॲटलच्या एका वार्ताहराने ते पाहून त्याला ‘उडता किल्ला’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. २८ जुलै १९३५ रोजी बोइंगचे चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर यांनी ते प्रथम उडवले. २० ऑगस्टला टॉवर ते घेऊन डेटनला निघाले. वाटेत कुठेही न थांबता सुमारे २,१०० मैलांचे अंतर त्यांनी नऊ तास तीन मिनिटांत तोडले. म्हणजे ताशी २३० मैलांहून अधिक. त्या काळच्या कित्येक लढाऊ विमानांचा सर्वांत जास्त वेग याच घरातला होता. आणि हे तर भले मोठे बाँबर विमान!

राइट फील्डवर तिन्ही विमाने उभी राहिली. वेग, पल्ला, ओझे, चढण, कशातही बोइंगला जोड नव्हती. एअर कोअरचे अधिकारी इतके खूश झाले, की स्पर्धा संपायच्या आधीच अशी ६५ विमाने घेण्याची बोलणी सुरू झाली. निकाल जाहीर होणे तेवढे बाकी होते.

आणि मग ३० ऑक्टोबरची सकाळ आली.

त्या दिवशी विमान चालवायला बसले होते मेजर प्लॉयर हिल. सैन्याच्या चाचणी विभागातले ते अनुभवी अधिकारी. शेजारी लेफ्टनंट डोनाल्ड पट. लेस्ली टॉवर पाहुण्यासारखे मागे उभे. आणखी दोघे होते. विमान धावपट्टीवरून व्यवस्थित उचलले गेले. पण ते वर चढू लागले ते सरळ चढेना. नाक वर, आणखी वर, फारच वर. तीनशे फुटांच्या आसपास त्याची गती सरली, ते एका पंखावर कलले आणि जमिनीवर येऊन आदळले. आग लागली. लेफ्टनंट रॉबर्ट जिओव्हानोली यांच्यासारख्यांनी त्या आगीत शिरून माणसे बाहेर ओढली. मेजर हिल त्याच दिवशी गेले. टॉवर काही दिवसांनी गेले. बाकीचे तिघे वाचले.

चूक कशात झाली होती? इंजिनात नव्हे, पंखात नव्हे. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा वाऱ्याच्या झोताने शेपटीच्या हलत्या फळ्या आपटू नयेत म्हणून त्या अडकवून ठेवतात. एवढ्या मोठ्या विमानाच्या फळ्या दर वेळी बाहेरून बांधत बसणे जिकिरीचे. म्हणून बोइंगच्या लोकांनी वैमानिकाला आपल्या जागेवरूनच लावता-काढता येईल अशी खिट्टी बसवली होती. सोय मोठी छान. पण उडण्यापूर्वी ती काढायची आठवण मात्र माणसालाच ठेवायला हवी. चार इंजिने, त्यांची तेले, तापमाने, पंख्यांचे कोन, चाके यांच्या गर्दीत ती आठवण राहिली नाही. खिट्टी तशीच राहिली, शेपटी जागची हलली नाही आणि अनुभवी माणसाच्या हातातले उत्तम विमान एका विसरलेल्या खिट्टीपायी पडले.

आता निकालाचा प्रश्न. नियम असा, की सगळ्या चाचण्या पुऱ्या करणारे विमानच स्पर्धेत धरले जाईल. बोइंगच्या चाचण्या अपुऱ्या राहिल्या. दुसरे विमान बांधायला ना वेळ होता, ना पैसा. आणि हिशेबाचा कागदही बोइंगच्या बाजूने नव्हता. २२० विमाने घेतली तर डग्लस एक विमान सुमारे ५८,००० डॉलरना देणार होते आणि बोइंग ९९,६२० डॉलरना. म्हणजे ढोबळ हिशेब असा, की तीन बोइंगच्या पैशात पाच डग्लस. सैन्याचे नवे सरसेनापती जनरल मॅलिन क्रेग यांनी ६५ विमानांचा विचार रद्द केला आणि डग्लसची १३३ विमाने मागवली. त्या विमानाचे नाव बी-१८.

तुम्ही म्हणाल, काय हे अधिकारी! एवढे चांगले विमान हातचे घालवले! पण क्षणभर त्यांच्या खुर्चीत बसून पाहा. ती मंदीची वर्षे. युद्ध कुठेही दिसत नव्हते. कायदेमंडळ विचारी, एवढ्या पैशात विमाने किती आली? कंत्राटांच्या भानगडींवरून नुकतीच धूळ उडालेली, तेव्हा नियमाला बगल दिली असती तर आणखी एक भानगड झाली असती. शिवाय वर्तमानपत्रे आणि काही जाणते लोकही म्हणू लागले होते, की हे यंत्र माणसाच्या आवाक्यापलीकडचे आहे. अधिकाऱ्यांनी गणित चुकवले नाही. गणित बरोबर होते. चुकला होता तो प्रश्न. ‘अमुक रकमेत किती विमाने?’ हा एक प्रश्न. ‘अमुक काम करणारे विमान कोणते?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बी-१८ हेच येत होते. १९०८ साली फोर्ट मायरला अपघात झाला तेव्हा परीक्षकांनी दुसरा प्रश्न विचारला होता, म्हणून मुदत वाढली. १९३५ साली पहिला विचारला गेला.

मग बोइंगचे झाले काय? इथे एअर कोअरमधल्या काही अधिकाऱ्यांचे कौतुक केले पाहिजे. या विमानात काहीतरी आहे, हे त्यांना दिसले होते. स्पर्धेच्या दाराने ते आत येत नव्हते, तर त्यांनी बाजूची खिडकी शोधली. नव्या जातीची थोडी विमाने केवळ वापरून पाहण्यासाठी घेण्याची मुभा होती. तिचा आधार घेऊन १७ जानेवारी १९३६ रोजी त्यांनी बोइंगला तेरा विमानांची ऑर्डर दिली. पाश्चात्त्य लोक तेराचा आकडा अशुभ मानतात. बोइंगच्या कामगारांनी तो नक्कीच शुभ मानला असेल. त्या तेरा विमानांवर कारखाना तगला.

ही विमाने १९३७ मध्ये व्हर्जिनियातल्या लँग्ली फील्डवरच्या एका तुकडीला मिळू लागली. तुकडीपुढे प्रश्न उघड होता. यातले एक जरी विमान पडले, तरी आवाक्यापलीकडच्या यंत्राची ती कंडी पुन्हा पिकणार. मेजर हिलपेक्षा अधिक कुशल माणसे आणायची कुठून? वैमानिकांनी निराळीच वाट काढली. त्यांनी स्मरणशक्तीवरचे ओझेच उतरवून टाकले. उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर काय काय पाहायचे, याच्या याद्या कागदावर लिहून काढल्या. एकाने वाचायचे, दुसऱ्याने हात लावून पाहायचे, मग पुढचे कलम. आपल्याकडे लग्नाघरी सामानाची यादी करतात, तसलाच प्रकार! उडण्याची विद्या अवगत असलेल्या माणसाला असला कागद हातात धरायला कमीपणा वाटला असेल. पण त्या कागदाने काम केले. तुकडीची विमाने लाखो मैल उडाली आणि गंभीर अपघात झाला नाही. आज जगातले कुठलेही उतारू-विमान यादी वाचल्याशिवाय हलत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीतही तसली यादी आली आहे. तिच्या मुळाशी ती राइट फील्डवरची विसरलेली खिट्टी आहे.

विमानाने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. १९३८ च्या फेब्रुवारीत सहा विमाने दक्षिण अमेरिकेत ब्यूनस आयर्सपर्यंत जाऊन आली. त्याच वर्षी १२ मे रोजी तीन विमानांनी अटलांटिक महासागरात सहाशेहून अधिक मैल आत जाऊन, खराब हवेत, रेक्स नावाची इटालियन आगबोट अचूक शोधून काढली. वाट दाखवणारे होते लेफ्टनंट कर्टिस लेमे. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. आरमाराला हे रुचले नाही, समुद्र म्हणजे त्यांचे अंगण. सैन्याच्या विमानांनी किनाऱ्यापासून शंभर मैलांपलीकडे जाऊ नये, असा निर्बंध त्यानंतर आल्याचे सांगतात. म्हणजे पाहा, स्पर्धा केवळ कारखान्या-कारखान्यांत नसते, खात्या-खात्यांतही असते. सैन्याचे मंत्री हॅरी वुडरिंग स्वस्त दोन इंजिनी विमानांच्याच पक्षाचे होते. परिणाम असा, की १९४१ चे अखेर आले तरी अमेरिकेजवळ बी-१७ विमाने दोनशेहून कमीच होती.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. तेथील हिकम फील्डवर १९३५ च्या स्पर्धेतले विजेते बी-१८ ओळीने उभे होते. त्यांतली अनेक जागच्या जागी जळाली. आणि नेमक्या त्याच वेळी कॅलिफोर्नियाहून निघालेली बारा बी-१७ विमाने, रात्रभर समुद्र ओलांडून, दारूगोळ्याशिवाय, त्या आगीत उतरायला आली. बी-१८ ला तेवढा पल्लाच नव्हता. एकाच मैदानावर जिंकलेले आणि हरलेले विमान समोरासमोर आले आणि सहा वर्षांपूर्वीचा निकाल तिथे उलटा वाचला गेला.

तरी बी-१८ ला अगदीच टाकाऊ म्हणू नये. पुढे त्यावर रडार बसवून कॅरिबियन समुद्रात पहाऱ्याला लावले, तेव्हा त्याने निदान दोन जर्मन पाणबुड्या बुडवल्या. योग्य काम मिळाले म्हणजे साधे यंत्रही उपयोगी पडते. पण अशी विमाने सगळी मिळून ३५० च झाली. बी-१७ किती झाली? १२,७३१! एकट्या बोइंगला एवढी पेलणार नव्हती. १९४४ साली तिच्या सिॲटलच्या कारखान्यातून एका महिन्यात साडेतीनशेच्या वर विमाने बाहेर पडली, तरी पुरेना. म्हणून सरकारने आणखी दोन कारखाने जोडीला दिले. एक लॉकहीडची व्हेगा कंपनी, तिने २,७५० बांधली. आणि दुसरा कारखाना कोणाचा म्हणता? डग्लस यांचा! स्पर्धेत ज्यांनी बोइंगला हरवले, त्यांनीच आपल्या लाँग बीचच्या कारखान्यात बोइंगची ३,००० विमाने बांधली.

एका कारखानदाराने मात्र दुसऱ्याचे विमान बांधायला नकार दिला. कन्सॉलिडेटेड कंपनीचे रूबेन फ्लीट यांना १९३८ च्या सुमारास बी-१७ बांधण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी याहून सरस विमान आपण स्वतःच करू, असे सांगितले. २९ डिसेंबर १९३९ रोजी ते उडाले. तेच बी-२४ लिबरेटर. संख्येने ते बी-१७ च्याही पुढे गेले, १८,००० च्या वर. आपल्या देशाशी या विमानाचे नाते आहे. युद्ध संपल्यावर कानपूरला मोडीत टाकलेली लिबरेटर विमाने बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील कारागिरांनी दुरुस्त करून उडती केली. तो कारखाना १९४० साली उभा करण्यात पुढाकार होता सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा. भारतीय हवाई दलाने ती विमाने १९६८ पर्यंत वापरली. दुसऱ्याच्या भंगारातून आपले हवाई दल उभे करणाऱ्या त्या कारागिरांची गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.

मग आता असे म्हणायचे का, की १९३५ चा निकाल चूक होता आणि बी-१७ हे निर्दोष विमान होते? तसेही नाही. ‘उडता किल्ला’ या नावाची भुरळ सेनापतींनाही पडली. इतक्या मशीनगन आहेत, तर या विमानांना सोबतीला लढाऊ विमाने कशाला, असे त्यांनी धरून चालले. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी २९१ बी-१७ विमाने जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या बॉलबेअरिंगच्या कारखान्यांवर निघाली. त्यांतली ६० पडली. प्रत्येकात दहा माणसे. एका दुपारी सहाशेच्या आसपास तरुण परत आले नाहीत. लांब पल्ल्याची मस्टँग लढाऊ विमाने सोबतीला मिळू लागली, तेव्हा कुठे ही हानी आटोक्यात आली. आणि ज्या शहरांवर ही विमाने बाँब टाकत होती, तेथील माणसांची मोजदाद कुठल्याच टेंडरात नव्हती. राइट फील्डवर वेग मोजला, पल्ला मोजला, ओझे मोजले. शत्रूची विमाने समोर आली म्हणजे काय होईल, हे कोणी मोजले नव्हते, आणि मैदानावर ते मोजता येण्यासारखेही नव्हते. म्हणजे हरलेल्या विमानाच्या बाबतीतही एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला होता.

स्पर्धा आवश्यक आहे, यात शंका नाही. स्पर्धा नसती तर बोइंगने चौथे इंजिन बसवण्याचे धाडस केले नसते आणि कन्सॉलिडेटेडने लिबरेटर काढले नसते. आज काळजी वाटावी ती याची, की स्पर्धकच थोडे उरले आहेत. त्या दिवशी राइट फील्डवर तीन कारखाने होते. मार्टिनचा वंश १९९५ साली लॉकहीडमध्ये मिळाला. डग्लसचा वंश आधी मॅकडॉनेलमध्ये आणि १९९७ साली खुद्द बोइंगमध्ये मिळाला. ज्याने हरवले तो हरलेल्याच्या पोटात गेला! २००१ साली अमेरिकेने आपल्या सर्वांत मोठ्या लढाऊ विमानाच्या कंत्राटाची शर्यत लावली, तेव्हा अखेरीस मैदानात दोघेच होते, लॉकहीड मार्टिन आणि बोइंग. त्यात लॉकहीड मार्टिनच्या एफ-३५ ने बाजी मारली. उद्या दोघांतला एक गळाला, तर पाकिटे फोडण्यात काय अर्थ राहणार?

पण स्पर्धा आपोआप शहाणपणाचा निकाल देते, हे मात्र खरे नाही. परीक्षेत पहिला कोण येतो, हे विद्यार्थ्याइतकेच प्रश्नपत्रिकेवरही अवलंबून असते. म्हणून विकत घेणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. एक, आपण कोणता प्रश्न विचारतो आहोत याची आधी स्वतःशी उजळणी करावी. आणि दुसरे, आपला प्रश्न चुकलेला असू शकतो हे धरून, हरणाऱ्यासाठीही एक लहानशी खिडकी उघडी ठेवावी. १९३६ साली ती खिडकी तेरा विमानांएवढी होती, आणि ती पुरली.

मेजर प्लॉयर हिल यांचे नाव आज युटा राज्यातल्या एका मोठ्या हवाई तळाला दिलेले आहे. तिथून उडणारा प्रत्येक वैमानिक आधी हातात यादी घेतो आणि पहिल्या कलमापासून वाचू लागतो.